घरच्या सुतारखोलीतल्या डस्ट कलेक्टरला चांगला फिल्टर कसा बसवायचा

जुळे सोलापुरात घराच्या मागच्या अंगाला माझी १० बाय १४ ची पत्र्याची खोली आहे. त्यात टेबल सॉ, छोटी रंधा मशीन, सँडर आणि १ एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर, म्हणजे मशीनचा भुसा पंख्यानं ओढून पिशवीत टाकणारं यंत्र. दिवसा मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, संध्याकाळी आणि रविवारी सुतारकाम. कलेक्टर घेतल्यापासून फरशी स्वच्छ राहायची, भुसा पिशवीत पडायचा, मला वाटायचं झालं आपलं काम.

मग एका संध्याकाळी खोलीतली ट्यूब उडाली. काम संपलंच होतं, नुसती आवराआवर राहिली होती, म्हणून मोबाईलची बॅटरी लावून रॅकवर ठेवली आणि कोपऱ्यातला भुसा ओढायला कलेक्टर चालू केला. बॅटरीचा झोत पिशवीला आडवा पडला होता आणि पिशवीच्या सगळ्या अंगातून धूर निघावा तशी धूळ बाहेर येत होती, इतकी बारीक की ट्यूबच्या उजेडात कधीच दिसली नसती. आणि तिथंच दोन हातांवर खुर्ची टाकून अण्णा बसलेले. माझे वडील. त्यांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली, कापसाच्या धुळीनं छाती आधीच कमकुवत, आणि रोज संध्याकाळी माझं काम बघत ते त्या पिशवीशेजारी बसत होते. त्या दिवशी ठरवलं की हे नीट करायचं. तीन महिने लागले, मधे दोन चुका झाल्या, पैसेही गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

आधी एवढं समजून घ्या. डोळ्याला दिसतो तो भुसा छातीपर्यंत फारसा जात नाही, तो नाकात अडकतो नाहीतर खाली पडतो. छातीला त्रास देते ती १० मायक्रॉनच्या खालची धूळ (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ती थेट आत खोल जाते. १ मायक्रॉनचा कण अगदी स्थिर हवेत एक मीटर खाली यायला साधारण ८ तास घेतो, म्हणजे तुम्ही रात्री ९ ला मशीन बंद करून जेवायला गेलात तरी धूळ पहाटेपर्यंत हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलीय, नाकाच्या आणि सायनसच्या कॅन्सरसाठी. एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) आणि प्लायमध्ये वरून फॉर्मल्डिहाइडचं रेझिन, तेही त्याच गटात. त्यामुळं हे हौशीचं काम समजू नका.

काय काय लागेल

कागद: मोटरच्या नेम प्लेटचा फोटो, मशीनचं पुस्तक, वॉरंटी कार्ड (मशीनला भोक पाडलं की वॉरंटी बहुतेक जाते, मुदत शिल्लक असेल तर थांबा किंवा मशीनला हात न लावता काम करा, मी सांगतोय ती पद्धत तशीच आहे), आणि नवीन फिल्टरची डेटा शीट, जीएसटी बिलासकट.

सामान: १८ मिमी प्लाय एक शीट, प्लीटेड म्हणजे घड्या घातलेला कार्ट्रिज फिल्टर, झाकणवाला जाड ड्रम, ४ इंची होज आणि क्लिपा, १२ मिमीचा थ्रेडेड रॉड, रबरी वायसर, दाराला लावतात ती फोमची पट्टी, सिलिकॉनच्या दोन ट्यूबा, गवंड्याची लेव्हल पाईप २ मीटर.

हत्यारं: जिगसॉ, ड्रिल, पाने, टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचा मीटर, इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून घ्या), गॉगल आणि चांगला मास्क. मास्कवर आयएस ९४७३ आणि एफएफपी२ छापलेलं बघून घ्या. रुमाल बांधून किंवा निळा सर्जिकल मास्क लावून ही धूळ अडत नाही.

१. पैसे घालायच्या आधी धूळ कुठून येते ते बघा

अंधार पडल्यावर खोलीतले दिवे बंद करा, कलेक्टर चालू करा, एकानं बाजूनं आडवी बॅटरी धरायची आणि दुसऱ्यानं बघायचं. पिशवीचं कापड, पिशवीची शिवण, पिशवी जिथं पत्र्याच्या कड्याला पट्ट्यानं आवळलीय तो भाग, पंख्याच्या घराचा जोड, सगळं. माझ्याकडं निम्मी धूळ कापडातून नव्हतीच, खालच्या प्लास्टिक पिशवीच्या पट्ट्याखालून येत होती. फोमची पट्टी लावली आणि तेवढं दहा मिनिटांत बंद झालं. पंख्याच्या पुढचे सगळे जोड दाबाखाली असतात, तिथं केसाएवढी फट असली तरी धूळ बाहेरच फेकली जाते.

खोलीमागं मोकळं रान असेल, शेजारी घर नसेल, तर सरळ पाईपनं हवा बाहेर सोडा, फिल्टरची भानगडच नको. आमच्याकडं मागं शेजाऱ्यांची गच्ची, त्यावर उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत घातलेले, त्यामुळं ते शक्य नव्हतं.

२. मायक्रॉन नंतर, क्षेत्रफळ आधी

माझी पहिली चूक इथं झाली आणि नवीन माणसं इथंच फसतात असं मला वाटतं. मी एका दुकानातून "५ मायक्रॉन" लिहिलेली तेवढ्याच आकाराची पिशवी आणली, बसवली, दोन दिवस छान वाटलं आणि तिसऱ्या दिवशी रंधा मशीनचा सगळा भुसा मशीनमधेच राहायला लागला. सक्शन मेलं. पिशवी झटकली की तासभर बरं, परत तेच.

झालं काय ते हिशोबानं बघा. ४ इंची पाईपमधून भुसा न साचता वाहायचा तर हवेचा वेग मिनिटाला ४००० फूट लागतो, म्हणजे साधारण ३५० सीएफएम (मिनिटाला ३५० घनफूट हवा). फिल्टरचा ढोबळ नियम असा की दर १० सीएफएमला निदान १ चौरस फूट कापड पाहिजे, बारीक फिल्टर असेल तर त्याहून जास्तच. म्हणजे मला ३५ चौरस फूट पाहिजे होतं. माझी पिशवी १५ इंच व्यासाची, २४ इंच उंच, तिचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ८ चौरस फूट. एवढ्याशा कापडातून एवढी हवा ढकलली तर एकतर कापड चोक होणार, नाहीतर दाबानं बारीक धूळ कापडाच्या पार जाणार. छिद्र बारीक केलं आणि जागा तेवढीच ठेवली की सक्शन मरतं, आणि सक्शन मेलं की धूळ कलेक्टरपर्यंत पोचतच नाही, सगळी तुमच्या तोंडासमोर. हे पहिल्यापेक्षा वाईट.

अजून एक. पिशवी धुळीनं भरत जाते तशी ती जास्त बारीक गाळते, कारण आतल्या धुळीचा थरच फिल्टरचं काम करतो. म्हणून जुनी मळकी पिशवी "चांगली चालते" असं लोक सांगतात. झटकली की थर जातो आणि पुन्हा पहिल्यासारखा धूर. त्यावर विसंबू नका.

यावर उपाय म्हणजे घड्या घातलेलं कार्ट्रिज. साडीच्या निऱ्यांसारखं कापड घडीघडीनं बसवलेलं असतं, थोडक्या जागेत भरपूर क्षेत्रफळ मिळतं.

३. कार्ट्रिज कुठलं घ्यायचं

पावडर कोटिंगवाल्यांच्या बूथमध्ये असतात ती कार्ट्रिज आपल्याला चालतात. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत ओळख असेल तर कोण कुठून मागवतं ते विचारा, सप्लायर सुट्टं एक पण देतात. मी घेतलं ते ३२५ मिमी व्यास, ६६० मिमी उंच, स्पनबाँड पॉलिस्टरचं, क्षेत्रफळ १० चौरस मीटर, म्हणजे १०७ चौरस फूट. ३५० सीएफएमला भागलं तर दर चौरस फुटाला साडेतीनपेक्षा कमी. निवांत श्वास घेतं.

घेताना तीन गोष्टी विचाराच.

कापड कागदी आहे का पॉलिस्टर. कागदी स्वस्त पडतं पण पाणी लागलं की गेलं.

किती बारीक कणाला किती टक्के अडवतं. नुसतं "१ मायक्रॉन" हे उत्तर अर्धवट आहे. १ मायक्रॉनचे ५० टक्के कण अडवणारा पण तेच लिहितो आणि ९९ टक्के अडवणारा पण. डेटा शीटवर दोन्ही आकडे पाहिजेत. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के, पण तो एकटा थेट लावला तर लवकर भरतो आणि खिशाला झेपत नाही, आपल्याला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. ही कार्ट्रिज बाहेरून आत हवा घेण्यासाठी बनवलेली असतात, आतली लोखंडी जाळी घड्यांना आधार देते. आपल्या पिशवीवाल्या कलेक्टरमध्ये हवा आतून बाहेर जाते. म्हणून पिशवी काढून तिथं हे कार्ट्रिज उलटं खोचलं तर घड्या बाहेर फुगतात आणि धूळ आतल्या अरुंद खाचांत घट्ट बसते, ती निघता निघत नाही. पिशवीच्या जागी सरळ बसणारी, आतून बाहेर हवा जाणारी कार्ट्रिजही मिळतात, पण आपल्या मशीनच्या कड्याच्या मापाची मिळाली तरच. मला मिळाली नाहीत, म्हणून पेटी केली.

४. आधी जाडा भुसा बाजूला काढा

फिल्टरवर रंध्याचा भुसा जायलाच नको. मशीन आणि कलेक्टरच्या मधे एक ड्रम ठेवायचा, झाकणाखाली एक आडवा बॅफल, म्हणजे हवा अडवून वळवणारी फळी लावायची, जिच्या कडेला साधारण २४० अंशांची सव्वा इंचाच्या आतली फट असते. हवा कडेनं गोल फिरते, भुसा फटीतून खाली पडतो, हवा मधल्या पाईपनं वर निघून जाते. थीन (Thien) बॅफल म्हणतात त्याला. हवा आत येते तो एल्बो ड्रमच्या कडेला समांतर वळलेला पाहिजे, सरळ खाली तोंड केलं तर काही उपयोग नाही. यानं जाडा भुसा जवळपास सगळा अडतो, बारीक धूळ मात्र पुढं जाते, तिच्यासाठीच फिल्टर.

ड्रम जाड पाहिजे. हा ड्रम पंख्याच्या अलीकडं येतो, म्हणजे आत ओढ असते. तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा होज चोक झाल्यावर माझ्यासमोर चिपळीसारखा दबला. आणि आपल्या सोलापुरात डाईंगवाल्यांकडचे निळे ड्रम स्वस्तात मिळतात, ते घेताना आधी आत काय होतं ते विचारा. ब्लीचिंगचं हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर नको, भुसा आणि ते एकत्र आलं तर आगीला निमंत्रण. साबण नाहीतर सॉफ्टनरचा असेल तर धुवून, उन्हात चार दिवस वाळवून वापरा.

५. पेटी

हे मुख्य काम, घाई करू नका.

आतून ५०० बाय ५०० आणि ११०० मिमी उंच अशी प्लायची उभी पेटी. वरच्या फळीला मधोमध कार्ट्रिजच्या तोंडाएवढं गोल भोक. कार्ट्रिज पेटीच्या आत टांगायचं, उघडं तोंड वर, त्याचं गॅस्केट (तोंडाभोवतीची रबरी कड) वरच्या फळीला खालून टेकलेलं. भोकावर आडवी लोखंडी पट्टी ठेवायची, त्यातून थ्रेडेड रॉड खाली सोडायचा, तो कार्ट्रिजच्या बुडातल्या भोकातून बाहेर काढून रबरी वायसर आणि नटनं आवळायचा. (बुडाला भोक असलेलंच कार्ट्रिज मागा.) पंख्यातून आलेली धुळीची हवा आता पिशवीऐवजी पेटीत शिरते, बाहेरून कार्ट्रिजमधून गाळली जाते आणि वरच्या तोंडातून स्वच्छ होऊन खोलीत येते. पेटीतला दाब कार्ट्रिजच्या बंद बुडाला वर ढकलतो, त्यामुळं मशीन चालू असताना गॅस्केट उलट अजून घट्ट बसतं.

हवा आत येण्याचं भोक कार्ट्रिजच्या बुडाच्या खाली ठेवा. माझी दुसरी चूक ही. पहिल्या पेटीत मी भोक मधोमध ठेवलं होतं आणि झोत थेट घड्यांवर आपटायचा, महिन्याभरात तिथं कापड घासून काळपट पडलं. उंची कमी पडत असेल तर भोकासमोर पत्र्याचा तुकडा वाकवून आडवा लावा.

तळाला ड्रॉवर करू नका, गळतो. मी खाली पूर्ण दार केलं, चारी बाजूंनी फोमची पट्टी आणि चार ओढून बसणाऱ्या क्लिपा. बाकीच्या सगळ्या सांध्यांना आतून सिलिकॉनची बोटानं दाबलेली रेघ, एक दिवस वाळू द्या. रॉड आवळताना आमच्या ओळखीचे फॅब्रिकेटर मामा बघायला आले होते, ते म्हणाले, "काय करालाय, पाण्याची टाकी आहे का ही?" म्हटलं तशीच समजा, एक थेंब गळायला नको.

मग परत पहिल्या पायरीतली अंधारातली बॅटरी. माझ्याकडं दाराच्या खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघत होती, पट्टीचा सांधा तिथं आला होता. पट्टी अखंड लावली, बंद.

६. लेव्हल पाईपचा मीटर

फिल्टर कधी साफ करायचा हे अंदाजानं कळत नाही. लेव्हल पाईप यू आकारात फळीवर ठोका, अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात दोन थेंब शाई. एक टोक पेटीच्या भिंतीला बारीक भोक पाडून आत, सिलिकॉननं बंद, दुसरं टोक खोलीत उघडं. मशीन चालू केलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडतो, तोच फिल्टरचा अडथळा. माझ्याकडं नवीन असताना १० मिमी होता, ४० झाला की मी साफ करतो. सुरुवातीचा आकडा मार्करनं फळीवरच लिहून ठेवा.

फरक अचानक कमी झाला तर खूश होऊ नका. एकतर होज कुठंतरी चोक झालीय आणि हवाच येत नाही, नाहीतर कार्ट्रिज फाटलंय किंवा गॅस्केट सरकलंय.

७. अँपियर बघा

चोक झालेल्या पंख्याची मोटर जास्त करंट घेते असं बऱ्याच जणांना वाटतं. या पंख्यांत उलटं असतं. हवा कमी वाहिली की करंट कमी, मोकळी वाहिली की करंट जास्त. माझ्या मोटरनं मळक्या पिशवीवर ४.१ अँपियर घेतले आणि नवीन कार्ट्रिजवर ४.९. नेम प्लेटवर ५.५ आहे, म्हणजे ठीक. तुमचा आकडा नेम प्लेटच्या वर गेला तर पाईपवर ब्लास्ट गेट (हवा कमी-जास्त करायची सरकती झडप) लावून हवा थोडी दाबा. टाँग टेस्टर एकाच वायरभोवती धरायचा, पूर्ण केबलभोवती धरला तर शून्य दाखवतो. वायर सुटी करायचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि मशीनला १६ अँपियरचा वेगळा पॉवर प्लग आणि खरी अर्थिंग पाहिजे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटरला हात लावून बघत जा, हात ठेववत नसेल तर थांबा.

८. साफ करताना

प्लग काढा, मास्क लावा, अण्णांसारखं कोणी जवळ बसलं असेल तर त्यांना घरात पाठवा. वरच्या तोंडातून, म्हणजे स्वच्छ बाजूनं, कॉम्प्रेसरची हवा ३ बारच्या आसपास ठेवून वीतभर लांबून घड्यांवर फिरवा. धूळ बाहेरच्या बाजूनं सुटून पेटीच्या तळाला पडते. अर्धा तास तसंच राहू द्या आणि मगच खालचं दार उघडा, लगेच उघडलं तर सगळी तोंडावर येते. तारेचा ब्रश अजिबात नको, घड्यांवर झाडू आपटणंही नको.

कूलर त्या खोलीत लावू नका, किंवा लावलाच तर कलेक्टर चालू असताना बंद ठेवा. मला माहितीय मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं, पण ओलसर हवेनं धूळ घड्यांवर लगद्यासारखी चिकटते आणि फुंकून निघत नाही. मी उन्हाळ्यात सकाळी ६ ते ९ काम करतो.

याच कलेक्टरनं लोखंडाचा किस ओढू नका, शेजारी ग्राइंडर चालवू नका, फरशीवरचे खिळे-स्क्रू होजनं उचलू नका. खिळा पंख्याच्या पात्यावर आपटून ठिणगी पडली आणि ती भुशात गेली तर दोन तासांनी धुमसायला लागते, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. काम संपलं की ड्रम खोलीबाहेर ठेवायचा.

९. फिल्टर बसला तरी मास्क

हातानं घासताना, राउटर चालवताना बरीच धूळ कलेक्टरच्या तोंडापर्यंत जातच नाही. तेव्हा मास्क लागतोच, आणि काम थांबल्यावर कलेक्टर पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवा, खोलीतली हवा दोन-चारदा गाळून निघते. शिसव आणि सागवानाची धूळ कातडीलाही खाज आणते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

१०. गोळा झालेल्या धुळीचं काय करायचं

ड्रममधला साध्या लाकडाचा भुसा वेगळा ठेवा, तो कुणालाही देता येतो. पेटीच्या तळाची बारीक धूळ मात्र जाड पिशवीत, वरून थोडं पाणी शिंपडून, तोंड बांधून कचऱ्यात. प्लाय किंवा एमडीएफ कापलं असेल तर ड्रममधला भुसा पण कुणाला देऊ नका, चुलीला नको, बंबाला नको. गेल्या जानेवारीत पाहुण्यांच्या शेतात हुरड्याला गेलो तेव्हा आगटी पेटवायला माझ्याकडचं पोतं मागितलं होतं, त्यात निम्मा एमडीएफ होता, मी ते गाडीतून उतरवलंच नाही. गोवऱ्या होत्याच तिथं.